रेयो पाकारिनेनचे अकरा तास

रेयो पाकारिनेन खोटं बोलायचा नाही. तो काही साधुपुरुष होता म्हणून नव्हे. खोट्याला दोन वाक्यं जास्त लागतात आणि त्याचं एकातच भागायचं. नदीकाठच्या कागद गिरणीत त्याने तीन नंबरच्या मशीनवर एकतीस वर्षं काढली. मार्चमध्ये मालकांनी ते मशीनच बंद केलं आणि अठ्ठावन्न वर्षांचा रेयो घरी बसला.

बसला कसला! त्याला बसवेना. शेजारच्या हिल्काबाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले आणि यंदा बर्फाने त्यांचं छप्पर खचलं. तेव्हा आम्हा आळीतल्या सात-आठ जणांनी इर्जिक घातली. आमच्याकडे ती अशीच असते. हातोडा घेऊन जायचं, पैशाचं नाव काढायचं नाही, घरधनिणीने वाटाण्याचं सूप वाढायचं आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची. रेयो शनिवार-रविवार दोन्ही दिवस छपरावर होता. खाली उतर म्हटलं तरी ऐकत नव्हता.

मग बेकारी भत्त्याचा अर्ज आला. त्यात रोजचा एकेक रकाना असतो, काम केलं का आणि किती तास. गिरणीतल्या बाकीच्यांनी महिनाभराची शून्यं पाच मिनिटांत ठोकून दिली. रेयोने चष्मा लावला आणि लिहिलं, शनिवार, सहा तास, छप्पर. रविवार, पाच तास, छप्पर.

आठवड्याने पत्र आलं. भत्ता थांबवला आहे. मालक कोण, मजुरी किती, याचा शुक्रवारपर्यंत खुलासा करावा, अन्यथा अर्ज फेटाळण्यात येईल.

त्याच्या बायकोने, माइरेने, ते दोनदा वाचलं.

"अरे, तुला छपराचं कुणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं. काम केलं का म्हणून."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा! कर फोन आधी. भत्ता नाही आला तर घर विकून हेल्सिंकीला लेकीकडे जायचं का राहायला? चौथ्या मजल्यावर?"

हे घर रेयोने स्वतः बांधलं होतं. त्याने भत्त्याच्या कचेरीत फोन लावला. पाऊण तासाने सैया नावाच्या कारकून बाई लाइनवर आल्या.

"मजुरी घेतलीत?"

"सूप घेतलं."

"किती?"

"दोन वाट्या. दुसरी हिल्काबाईंनी बळेच वाढली."

बाईंना हसू आलं. "मग सोपं आहे हो. ते काम नव्हतंच. मी शून्य घालते, तुम्ही फक्त हो म्हणा."

एवढा एक हो म्हणायचा होता. माइरे दारातून हातवारे करत होती, म्हण रे, म्हण.

"हो म्हणता येत नाही," रेयो म्हणाला.

"का बरं?"

"गिरणीवाले म्हणाले, तुमच्या कामाची गरज नाही. ठीक आहे. मशीन त्यांचं होतं. पण ते छप्पर मी घातलंय, बाई. तेही काम नव्हतं म्हटलं, तर मग मी मार्चपासून कोण आहे?"

माइरेचे हात खाली आले. एवढं लांबलचक बोलणं तिने लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

"हे बघा," सैयाबाई सावकाश म्हणाल्या, "रकाना मजुरीच्या कामाचा आहे. तिथे शून्यच येणार, त्याला माझा इलाज नाही. पण खाली शेऱ्याला जागा आहे. तिथे तुम्ही सांगाल ते लिहिते. सांगा."

"अकरा तास. छप्पर. बिनपगारी काम." तो थांबला. "काम, असंच लिहिलंत ना?"

"तसंच लिहिलंय, आणि भत्ताही सुरू होईल. वाचून दाखवू?"

त्यांनी वाचून दाखवलं. रेयोने आभार मानले, फोन ठेवला आणि गिरणीतलं मशीन बंद झाल्यापासून आवरून धरलेलं सगळं रडू त्याला टेबलापाशी उभ्याउभ्याच फुटलं. पस्तीस वर्षांच्या संसारात माइरेने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती जवळ आली आणि त्याचं रडणं होईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.