समुद्र नसलेल्या गावचे पाणबुडे

रायपूरला समुद्र नाही. तरी आमच्या पाच जणांच्या डायव्हिंग ग्रुपकडे पाण्याखालचे इतके किस्से साचलेत की चहाच्या टपरीवर लोक आम्हाला फेकू म्हणतात. म्हणू देत! मी तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, तेव्हापासून लोक मला काही ना काही म्हणतातच.

*

ग्रुपचा म्होरक्या देशकर काका. रेल्वेचा रिटायर्ड गार्ड, वय चौसष्ट, हृदयात स्टेंट. डॉक्टरनं सांगितलं, खोल पाण्यात जायचं नाही. काकानं डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला, तर म्हणे, "आजकालच्या पोट्ट्याइले काय समजते!" फॉर्मवर 'कोणताही आजार नाही' लिहून सही ठोकली. आणि बेजबाबदार कोण? आमची पिढी!

पाण्यात काकाची जोडीदार मी. दर ट्रिपला विशाखापट्टणमची गाडी सुटताना काकू माझा हात धरते, "यायले वर आणजो, मा. बाकी मले काई नको."

*

प्रॅक्टिस इथल्याच स्विमिंग पूलमध्ये. एकदा काका तळाशी बसला तो हलेचना. मी उडी मारून ओढून काढला. ओठ निळे.

"काहून काढलं बे? ध्यान करून राहिलो होतो मी!"

*

विशाखापट्टणमच्या समुद्रातलं आमचं जहाज म्हणजे महायुद्धात बुडालेली मालवाहू बोट. पहिल्यांदा उतरलो, तेव्हा गढूळ हिरव्या पाण्यात काहीच दिसेना. अचानक हाताला लोखंड लागलं. थंड. आणि बारीक थरथरत होतं.

वर आल्यावर विचारलं, "थरथर कसली?"

ग्रुपमधला साहू भैया सिलतऱ्याच्या पोलाद प्लांटमध्ये फिटर, त्याला लोखंड कळतं. म्हणाला, "लहरों से होता है।" मग पोहे खाता खाता थांबला. "पच्चीस मीटर नीचे?"

*

आपण सोडलेली हवा जहाजाच्या छताखाली साचते आणि भोकांतून बुडबुडे होऊन वर येत राहते. हे मलाही कळतं, कॉलेज सोडलं म्हणजे डोकं नाही सोडलं! पण एकदा आम्ही सगळे वर येऊन तास उलटला, तरी बुडबुडे चालूच.

"आपलीच हवा आहे," काका म्हणाला.

"हव काका," घड्याळ हातात धरलेला साहू भैया म्हणाला, "पर साँस जैसी काहे आ रही है?"

*

आता हा शेवटचा.

दोरीच्या खुणाही काकाच्याच. डायव्हिंगचं पुस्तक बाजूला फेकून त्यानं आम्हाला गार्डाच्या घंटीची भाषा शिकवली. एकदा ओढलं तर थांब, दोनदा तर चल. आणि एक त्यानं स्वतः घडवलेली: एकदा, थांबून तीनदा. म्हणजे 'अडकलो, बाहेर काढ.' ही खूण आम्हा पाच जणांशिवाय कोणालाच माहीत नाही.

त्या दिवशी बाकी तिघे वर बोटीवर होते. काकानं कोणाला न विचारता दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि जहाजाच्या पोटात शिरला. गाळ उडाला. दोरी सैल पडली. मी ओढून बघितलं, उत्तर नाही. माझ्या टाकीतल्या हवेचा काटा लालजवळ आलेला, त्याचा तर त्याहून खाली असणार. आत शिरणार, तोच खांद्यावर हात पडला.

काका! दोरी आत सोडून दुसऱ्याच भोकातून बाहेर आलेला. मी त्याला घट्ट धरलं.

आणि माझ्या हातातली दोरी ओढली गेली. एकदा. थांबून तीनदा.

काकानंही बघितलं. तो वळला आणि भोकाकडे निघाला. मी त्याचा पट्टा धरला, तो हिसडे देऊ लागला. दोरी परत ओढली गेली. एकदा. थांबून तीनदा. मी चाकू काढला, दोरी कापली आणि म्हाताऱ्याला ओढत वर आणलं.

बोटीवर तो धापा टाकत पडला. मला वाटलं, शिव्या घालेल. तो ड्युटीवरच्या आवाजात म्हणाला, "आतल्याले सोडून आली तू."

साहू भैयानं डोकी मोजली. मग परत मोजली. आम्ही पाचच्या पाच होतो!