बॉनेटवरची फक्की

मोशीतल्या ज्या शाळेत मी नुकताच कंपनीतल्या शिफ्टच्या आधी पोरींना फुकट धावायला शिकवायला लागलो होतो, तिथलं मैदान एक काका आखायचे. डब्यातून चुन्याची फक्की अशी सोडायचे की दोरी न लावता रेघ सरळ यायची. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, "काका, मी परभणीचा, आठवीत शाळा सोडलेला. मला कोच म्हणू नका."

"पोरी पळत्यात न्हवं? मग झालं."

स्पर्धेला चार दिवस उरले, तरी संस्थेचे एक साहेब गाडी नेमकी धावपट्टीवरच लावायचे. हलवा म्हणायची माझी छाती होत नव्हती. उद्यापासून येऊ नका म्हणाले असते तर? त्या सकाळी काका रेघ मारत आले आणि गाडीपाशी थांबलेच नाहीत. फक्की बॉनेटवर चढली, टपावरून मागं उतरली आणि पुढं गेली.

साहेब ओरडत आले. "गाडीवर फक्की कुणी मारली?"

"गाडीवर कशाला मारू, सायेब? म्या पट्टीवर मारलीया. गाडी पट्टीवर हाय."

पोरी फिसकन हसल्या. माझ्या ओठांवर माफी आली होती. ती गिळून मी म्हणालो, "साहेब, चावी आणा. पोरी थांबल्यात."