आयता जाहीरनामा

कचेरीच्या जिन्याखाली बसून टायपिस्टबाई बावीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत होती. सत्तेतल्या साहेबांनी गल्लोगल्लीचे दवाखाने बंद करून शहराबाहेर एकच टोलेजंग इस्पितळ बांधलं, तेव्हापासून तक्रारींमुळे तिला मान वर करायला फुरसत नव्हती. तिच्या वडिलांच्या पायाची जखम धुवायलाही आता दोन बस बदलाव्या लागत.

एके दुपारी विरोधी पक्षाचे भाऊ आले. या माणसाने पाच वर्षांत जांभईखेरीज कशासाठीही तोंड उघडलं नव्हतं.

"ताई, जाहीरनामा टाइप करायचाय."

"मजकूर द्या."

"तक्रारी तुमच्याकडेच येतात. त्याच घाला की!"

"म्हणजे खड्डा साहेबांनी खणायचा, पडायचं लोकांनी, आणि काठावर उभं राहून हार तुम्ही घालून घ्यायचे?"

"साहेबांचे उपकारच आहेत," भाऊ निर्लज्जपणे हसले.

कागद त्यांच्या तोंडावर फेकावा, असं तिला वाटलं. पण दवाखाना उघडणारं दुसरं होतं कोण? तिने पहिलंच कलम ठोकलं : बंद दवाखाने महिन्याभरात उघडू. मग कागद ओढून त्यांच्यापुढे धरला.

"सही करा. आणि आधी वाचा, म्हणजे आपल्याला काय हवंय ते तुम्हालाही कळेल."