इरेनाचं उजवं पाऊल

‘‘मला एकच शब्द हवाय,’’ फोनवरचा माणूस म्हणाला. ‘‘फिट की अनफिट?’’

मी पनवेलच्या एका स्कॅन सेंटरबाहेर उभी होते. दुपारचे साडेतीन वाजले होते. समोर गाडीत इरेना बसली होती, उजव्या पायातला बूट काढून. फोनवर तिच्या देशाच्या संघाचा मॅनेजर होता. त्याला आपल्या इथल्या वेळेनुसार संध्याकाळी सहाच्या आत खेळाडूंची अंतिम नावं द्यायची होती. त्याचं इंग्रजी तुटक होतं, पण प्रश्न अगदी स्वच्छ होता.

‘‘सहाच्या आत मेल करते,’’ मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची म्हसळ्याची, वडील तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अलिबागला माझं क्लिनिक आहे, त्याला आता अठरा वर्षं झाली. माझ्याकडे येतात ते जाळी ओढून खांदे गेलेले, वाडीत वाकून वाकून कंबर धरलेल्या बायका, बाईकवरून पडलेले. युरोपातल्या एखाद्या राष्ट्रीय संघाची खेळाडू माझ्या टेबलावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

इरेना आली ती नवऱ्यामुळे. तो उरणजवळच्या बंदरात क्रेनचा इंजिनिअर होता, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीने त्यांना नवी मुंबईत फ्लॅट दिला होता. पण इरेनाला धावायला जागा हवी होती, म्हणून तिने शोधून शोधून नागावला मंदाताईंच्या वाडीतलं होमस्टेचं एक घर वर्षभरासाठी घेतलं. नवरा शनिवार-रविवारी यायचा. एरवी ती आणि मंदाताई. मंदाताईंना इंग्रजी येत नव्हतं आणि इरेनाला मराठी. तरी दोघी दिवसभर बोलत असायच्या.

मंदाताईंनीच तिला माझ्याकडे आणलं.

‘‘मॅडम, हिचा पाय बघा. लंगडते हाय आणि मला सांगते, काय न्हाय म्हणून.’’

दुखणं उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला होतं, घोट्याच्या थोडं पुढे. तिथे नॅव्हिक्युलर नावाचं एक लहान हाड असतं, होडीच्या आकाराचं. धावताना पूर्ण शरीराचा भार त्याच्यावरून जातो. बोटाने दाबलं की इरेनाचा चेहरा बदलत होता. एका पायावर उडी मारायला सांगितली, तर तिने मारली, पण दात आवळून. एक्स-रे काढला. स्वच्छ होता.

आता एक्स-रे स्वच्छ असणं याचा अर्थ सगळं ठीक, असा होत नाही. सारखं धावून धावून हाडाला जी बारीक चीर जाते, तिला आम्ही स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही. आणि या हाडाला रक्तपुरवठा कमी. चीर गेली की भरायला महिनोन्महिने लागतात, कधी स्क्रू घालावा लागतो. काहीजण पुन्हा धावत नाहीत.

‘‘किती दिवस विश्रांती?’’ तिने विचारलं.

‘‘चीर असेल तर सहा आठवडे पाय टेकवायचा नाही.’’

‘‘माझी शर्यत बारा दिवसांवर आहे.’’

मग तिने मला ती स्पर्धा समजावून सांगितली. युरोपातल्या देशांची संघांची स्पर्धा. आपण टीव्हीवर बघतो तशी एकेकट्याच्या पदकाची नाही. प्रत्येक प्रकारात प्रत्येक देशाचा फक्त एक खेळाडू. सोळा देश असतील तर पहिल्याला सोळा गुण, दुसऱ्याला पंधरा, असं उतरत उतरत शेवटच्याला एक. दोन दिवस सगळ्यांचे गुण जोडत जायचे. शेवटी तळाला राहतील ते देश खालच्या गटात जातात. म्हणजे या स्पर्धेत शेवटचा येणाराही कामाचा. फक्त त्याने शर्यत पुरी करायला हवी. मध्येच सोडली तर शून्य.

‘‘आमचा देश छोटा आहे,’’ इरेना म्हणाली. ‘‘आम्ही नेहमी तळाशी असतो. वर राहतो ते एका-दोन गुणांनी. मी चौदा वर्षं हेच करतेय. कधी जिंकले नाही. पण एकदाही शर्यत सोडली नाही.’’

तिचा प्रकार स्टीपलचेस. तीन किलोमीटर, वाटेत जड लाकडी अडथळे, आणि प्रत्येक फेरीत एका अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा. त्या अडथळ्यावर पाय ठेवून पाण्यात झेप घ्यायची आणि एका पावलावर उतरायचं. इरेना उतरायची उजव्या पावलावर.

ती पस्तिशीची होती. ही तिची शेवटची स्पर्धा असणार होती. ज्याने तिला अकराव्या वर्षापासून शिकवलं तो कोचही त्यानंतर निवृत्त होणार होता.

मी तिचं धावणं बंद केलं. पाय उचलून ठेवायला लावला, पोहायला सांगितलं. जून महिना होता. पाण्यातले खेळ बंद, नागावला पर्यटक नाहीत, समुद्र खवळलेला. मंदाताईंनी शेजारच्या रिसॉर्टवाल्याला सांगून त्याचा पोहण्याचा बंद तलाव उघडायला लावला. कमरेला तरंगायचा पट्टा बांधून इरेना त्यात तासनतास पाय मारत राहायची. आठ दिवसांत दुखणं निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही.

म्हणून आम्ही एमआरआयसाठी पनवेलला गेलो.

तिथल्या रेडिओलॉजिस्टने मला आत बोलावून चित्रं दाखवली. तो तरुण डॉक्टर होता, सभ्य, घाई न करणारा.

‘‘हाडात थोडी सूज दिसतेय, मॅडम. चिरेची रेघ मला दिसत नाही. पण एमआरआयवर रेघ कधीकधी हुकते. सीटी स्कॅन केलं तर नक्की कळेल. मशीन आत्ता मोकळं आहे. वीस मिनिटं लागतील.’’

मी घड्याळ बघितलं. क्लिनिकमध्ये सहा वाजल्यापासून पेशंट होते. वडखळला ट्रॅफिक लागणार हे ठरलेलं.

‘‘नको,’’ मी म्हणाले. ‘‘गरज नाही.’’

या दोन शब्दांबद्दल मी नंतर स्वतःला बरीच कारणं देऊन पाहिली. पेशंट, ट्रॅफिक, सहाची वेळ. खरं कारण वेगळं होतं. मी आधीच ठरवून बसले होते.

त्याला आठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट कारण होती. रोहिणी नावाची म्हसळ्याची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. नडगी दुखते म्हणून माझ्याकडे आली. एक्स-रे स्वच्छ होता. मी आधाराची टेप लावून तिला धावू दिलं. भरतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीत तिची नडगी मोडली. आवाज लोकांना ऐकू गेला होता म्हणे. ती अजून जरा पाय ओढत चालते. मला रस्त्यात भेटली की हसून बोलते, आणि मला ते सहन होत नाही.

पनवेलला त्या अंधाऱ्या खोलीत मी पडद्यावर इरेनाचं पाऊल बघत होते आणि मला रोहिणीची नडगी दिसत होती.

गाडीत बसल्यावर इरेनाने विचारलं, ‘‘काय आहे?’’

‘‘हाडात सूज आहे. धावू नये असं माझं मत आहे.’’

‘‘चीर आहे?’’

‘‘असू शकते.’’

पेण मागे पडलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘तू सांगशील ते मी ऐकेन. आमच्या संघाच्या डॉक्टरने मला पाहिलेलं नाही, तू पाहिलंयस. फक्त एक सांग. तुला खात्री आहे?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

मला खात्री नव्हती. मला भीती होती. पण पेशंटसमोर डगमगायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं, आणि इतक्या वर्षांत ती सवय हाडीमाशी मुरलेली असते. वडखळ नाक्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. तिथेच, पाच वाजून दहा मिनिटांनी, मी मोबाइलवरून मेल पाठवला. त्यात एकच शब्द लिहिला. अनफिट.

चार दिवसांनी शर्यत होती. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. इरेनाने मला नागावला बोलावलं. नवरा शिफ्टवर होता. मंदाताईंच्या ओटीवर लॅपटॉप ठेवला होता. मंदाताईंनी घावन केले होते. इरेनाने प्लेट हातात घेतली आणि तशीच धरून बसली.

तिच्या जागी कोण धावणार, हे मला तेव्हाच कळलं. त्यांच्याकडे स्टीपलचेसची दुसरी खेळाडूच नव्हती. एकोणीस वर्षांची, पंधराशे मीटर धावणारी एक मुलगी उभी केली होती. ती तीन दिवसांत अडथळे ओलांडायला शिकली होती. पाण्याच्या खड्ड्याचा सराव फक्त दोनदा.

‘‘शेवटची येऊ दे,’’ इरेना म्हणाली. ‘‘तिला सांगितलंय. चालत आली तरी चालेल. एक गुण.’’

मुलगी सुरुवातीपासूनच मागे होती, पण नेटाने धावत होती. पहिल्या फेरीत खड्डा नीट पार केला. दुसऱ्या फेरीतही. इरेना पुटपुटत होती, तिच्या भाषेत. पाचव्या फेरीला मुलगी दमली. अडथळ्यावर पाय ठेवला तो कडेला पडला, सटकला, आणि ती खांद्यावर पाण्यात आपटली.

ती उठली. दोन पावलं चालली. मग एक हात दुसऱ्या हाताने धरून ट्रॅकच्या कडेला बसली.

‘‘अगो बाय,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘त्या पोरीला लागलं काय?’’

इरेना उभी राहिली होती. प्लेट खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. पडद्यावर स्ट्रेचर आलं. शर्यत पुढे चालूच होती. एक म्हातारा कोच कुंपणावरून वाकून मुलीशी काहीतरी बोलत होता. ‘‘तो माझा कोच,’’ इरेना म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आणि त्या प्रकारात गुण शून्य.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गुणांची बेरीज झाली तेव्हा इरेनाचा देश एका गुणाने खालच्या गटात गेला.

तिने मला फोन केला नाही. मंदाताईंनी केला. ‘‘जेवत न्हाय,’’ म्हणाल्या. ‘‘रडत पण न्हाय. तुमी या जरा.’’

मी गेले. इरेना वाडीत पोफळीखाली खुर्ची टाकून बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, ‘‘मी त्या मुलीशी बोलले. ती माझी माफी मागत होती. माझी!’’

दोन आठवड्यांनी मी तिला मुंबईच्या एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा सीटी केलं. चीर नव्हती. कधी गेल्याची खूणही नव्हती. दुखत होता तो हाडावरून जाणारा स्नायूचा दोर, टेंडन. हाडातली सूज धावणाऱ्या पुष्कळ लोकांत असते, काही न दुखता, असं ते म्हणाले.

‘‘ती शर्यत धावू शकली असती का?’’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिजिओ आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

‘‘त्या वेळी सीटी असतं, तर टेप लावून मी धावू दिलं असतं. सीटी नसताना तुम्ही केलंत ते पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे.’’

सीटी का नव्हतं, ते त्यांनी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर, पावसाळ्यातही चालणाऱ्या मांडव्याच्या रो-रो बोटीत, मी इरेनाला सगळं सांगितलं. रेडिओलॉजिस्ट काय म्हणाला होता, मी काय उत्तर दिलं, खात्री नसताना खात्री आहे असं का म्हणाले. रोहिणीचंही सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘त्या दिवशी हे सांगितलं असतंस, तर मी ती वीस मिनिटं मागितली असती.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मी रागावले नाहीये. रागावले असते तर सोपं झालं असतं.’’



कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर ती दोघं परत गेली. जाण्याआधी तिने मंदाताईंना मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला. खालच्या गटात गेल्यावर तिकडे लांब पल्ल्याच्या खेळाडूंचं शिबिर बंद झालं, असं तिने नंतर एकदा कळवलं. म्हाताऱ्या कोचला निरोप द्यायला समारंभ झालाच नाही. ती मुलगी बरी झाली, पण स्टीपलचेसला पुन्हा उभी राहिली नाही. इरेना आता शाळेत खेळ शिकवते. पाऊल उत्तम आहे. एकदाही दुखलं नाही.

आमच्या धंद्यात चुकून परवानगी दिली की पेशंट मोडलेला पाय घेऊन समोर येतो. चुकून नकार दिला तर कोणीच येत नाही, म्हणून नकार नेहमी सुरक्षित वाटतो. तो आपल्यासाठी सुरक्षित असतो, एवढंच. आता शंका असेल तर मी पुढची तपासणी करून घेते. क्लिनिकचे पेशंट थांबतात. तपासणीला वेळ नसेल, तर कागदावर तसं लिहिते. ‘मला नक्की माहीत नाही.’ हे वाक्य लिहायला मला अठरा वर्षं लागली, आणि त्याने माझ्या पेशंटची संख्या काही कमी झालेली नाही.