तिसऱ्या माळेची पानं

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या सुरेखाताईंकडे आरतीला गेलो होतो, मी आणि सासूबाई. सिडकोतल्या आमच्या गल्लीत एकमेकींकडे आरतीला जायची पद्धत आहे. प्रसाद घेताना माझं लक्ष घटाकडे गेलं आणि पुढचं काही सुचेना...

घटावर दोन माळा झेंडूच्या होत्या. तिसरी नुसत्या विड्याच्या पानांची. एकही फूल नाही.

पहिली माळ पानांची पुष्कळांकडे असते, पण तिसरी अशी जगात एकाच घरी लागते असं मी समजत होते. आमच्या.

थोडं मागचं सांगते. ह्यांच्या कंपनीत उन्हाळ्यापासून काम कमी झालंय, आठवड्यातून तीनच दिवस बोलावतात. मी मॅट्रिक. पण बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं, आणि गटातल्या बायका म्हणायच्या, "काकू, तुमचा मीटिंगचा रिपोर्ट म्हणजे गोष्टच असते." भाचीने फेसबुकवर घरबसल्या लेखनाच्या कामाचा एक ग्रुप दाखवला. तिथे विचारत गेले... कोणी पदवी मागे, कोणी लॅपटॉप. बहुतेक जण उत्तरच देत नसत.

श्रावणात एकाने दिलं. सणावारांवर लिहिणारं कुणी हवंय म्हणाला. "मॅम, आधी नवरात्रावर एक सॅम्पल पाठवा. पण युनिक पाहिजे, नेटवर कुठेच नसलेलं."

नेटवर कुठेच नसलेलं माझ्यासारखीकडे काय असणार? तीन दिवस विचार केला... आणि मग ते लिहिलं.

मंदा ही सासूबाईंची थोरली मुलगी, ह्यांची मोठी बहीण. दिंडोरीजवळच्या गावी, नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, माळेसाठी खुरासणीची पिवळी फुलं आणायला बांधावर गेली आणि विहिरीत पडली. नऊ वर्षांची होती. मी त्यांना कधी पाहिलं नाही, तरी मनात वन्संच म्हणते.

पुढच्या वर्षीपासून तिसऱ्या माळेच्या दिवशी सासूबाईंचा हात फुलाला लागला नाही. त्या दिवशी नुसती पानं ओवतात. ओवताना कुणाशी बोलत नाहीत.

कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर कच्चं लिहून काढलं, शुक्रवारी देवीपुढे ठेवलं, मग एका बोटाने मोबाईलवर टाईप केलं. सासूबाईंना विचारलं नाही. चूक माझी. काम मिळालं की सांगू, असं ठरवलं होतं...

चार दिवसांनी उत्तर आलं, "सिलेक्ट झालं नाही मॅम, पुन्हा ट्राय करा." देवीची मर्जी म्हणून गप्प बसले.

आणि आता ही माळ.

"सुरेखाताई, ही पानांची कशी हो?"

"अहो काकू, तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या आणि तुम्हालाच माहीत नाही?" त्या हसल्या. "तिसरी माळ पानांचीच लावायची. मुलाबाळांचं आयुष्य वाढतं. मोबाईलवर आलंय, थांबा दाखवते."

दाखवलं. वाक्यं माझी होती. पानं कशी निवडायची, दोरा कसा घ्यायचा, ओवताना बोलायचं नाही... सगळं माझं. मंदावन्सं मात्र कुठेच नव्हत्या. विहीर नव्हती. त्यांच्या जागी 'असे शास्त्रात सांगितले आहे' एवढंच.

तेवढ्यात सासूबाईंनी माझा पदर ओढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून बोलतात मोठ्याने. "हिच्या घरचं कोण गेलं गं? लेकरू व्हतं का?"

सुरेखाताईंच्या सुनेने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं.

घरी येऊन मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. त्या वाती वळत होत्या, वळतच राहिल्या.

"मंदीचं नाव लिव्हलं व्हतं का तू?"

"लिहिलं होतं आई. त्यांनी काढलं."

"आन् इहिरीचं?"

"तेही काढलं."

हातातली वात ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "मंग पानं तेवढी कशाला ठिवली?"

मीही कापूस घेऊन वाती वळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाताई आल्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या. "काकू, ती माळ काढता येईल का हो?" पण घटावर चढवलेली माळ दसऱ्यापर्यंत उतरवत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. सासूबाईच म्हणाल्या, "काय होत नाय गं. देवी काय मोबाईल बघती का?" सुरेखाताई रडता रडता हसल्या. पुढचे सगळे दिवस मात्र आरतीच्या वेळी त्यांच्या घटाकडे बघवत नव्हतं...

दसऱ्यानंतर त्याच माणसाचा मेसेज आला. "मॅम, दिवाळी स्पेशल सॅम्पल पाठवा. युनिक." मी माझ्या लेखाचं विचारलं. म्हणाला, "नेटवर सगळं सगळ्यांचं असतं मॅम." आणि मला ब्लॉक केलं.

काम अजून मिळालेलं नाही. ह्यांचे आठवड्याचे तीनचे आता दोन दिवस झालेत. शोधते आहे... पण घरातलं काही आता सॅम्पल म्हणून पाठवणार नाही.

हे इथे लिहिण्याआधी मात्र सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिव्ह. पण नाव लिव्ह." म्हणून लिहिते. तिचं नाव मंदा. ती देवीसाठी फुलं आणायला गेली होती.

तुमच्यापैकी कुणाला तो लेख आला असेल तर एवढंच ऐका. पुढच्या वर्षी तिसरी माळ फुलांचीच लावा, भरगच्च लावा. पानांची आमच्याकडे आहे.