शेवटचं प्रकरण

थोरलीनं या वेळी शेवटचं प्रकरणही पाठवलं, हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

दुसऱ्या कुणाला यात काळजीसारखं काही दिसायचं नाही. माझी थोरली मुलगी रहस्यकथा लिहिते. प्रत्येक कादंबरीचं बाड ती आधी मला पाठवते, शेवटचं प्रकरण काढून ठेवून. मी वाचायचं आणि फोन करून खुनी कोण ते सांगायचं. ओळखलं, की ती कपाळावर हात मारून पुन्हा लिहायला बसते. चुकलं, की "आई, फसलीस!" म्हणून खिदळते आणि मगच शेवट पाठवते. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झाले. त्या पदवीचा जन्मात झालेला उपयोग एवढाच.

आधी ती विम्याच्या कचेरीत होती. मृत्यूचे दावे तपासायची. एकदा जेवताना म्हणाली, "आज एक नवरा इतका रडला ना, की मला संशयच आला." त्या नवऱ्यावरून पहिली कादंबरी झाली. तेव्हापासून माझा भाऊ घरी आला, की चहाचा कप तिच्यापुढे सरकवायचा.

"भाचीबाई, आधी तुम्ही एक घोट घ्या."

"मामा, तुमचा विमा केवढ्याचा आहे ते सांगा, मग बघू."

पुस्तकं खपू लागली तशी तिनं नोकरी सोडली. मी नको म्हणत होते. प्रकाशक दरवेळी मुखपृष्ठावर सुरा छापायचा, आत खून उशीनं झालेला असला तरी. तिनं तक्रार केली तर म्हणाला, "ताई, उशी बघून कोण घाबरतं?" वाचनालयांत तिची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरायची. मग एकेक वाचनालय बंद पडत गेलं. प्रकाशकानं गोदाम रिकामं केलं आणि उरलेल्या प्रती तिच्या दारात आणून टाकल्या.

मागच्या खेपेला गेले, तेव्हा शिंप्याच्या दुकानावरच्या तिच्या दोन खोल्यांत पलंग नव्हता. पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर गादी टाकलेली. मी बघतच राहिले.

"आई, लोकांची झोप उडवली या पुस्तकांनी," ती म्हणाली. "आता मला तरी लागू दे."

हसलो दोघी. पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं वेगळंच सांगत होती. ओट्यावर एकच कप होता, एकच ताटली.

नव्या कादंबरीतली बाईही एकटीच राहते, शिंप्याच्या दुकानावर. पहिल्याच पानावर ती मेलेली सापडते. घरमालक, प्रकाशक, भाऊ, सगळ्यांची चौकशी होते. थोरली एरवी कुठेतरी बारीकशी फट ठेवते आणि मी तिथेच बोट घालते. या वेळी फट नाही. त्या रात्री प्रत्येक जण दुसरीकडेच होता आणि तिला मारण्यात कुणालाच रस नव्हता. त्या खोलीत कुणी आलंच नव्हतं, एवढंच माझं तर्कशास्त्र सांगतं.

संध्याकाळी माझ्या भावाला हे बोलून दाखवलं.

"अगं, प्रकरण काढायला विसरली असेल," तो म्हणाला. "रहस्यकथा वाचून वाचून तू घरातल्या घरात फौजदार झालीस!"

विसरेल कशी? दाव्याच्या कागदातली खाडाखोड शोधणारी मुलगी ती. शेवट माझ्या हाती दिला म्हणजे मी फोन करायचं कारण उरत नाही. तेच तर तिला हवं नसेल ना?

ती पानं टेबलावर पालथी पडली आहेत. मी ती वाचणार नाही. बरीच रात्र झाली आहे, पण ती जागी असणार. फोन करते आणि सांगते, बाई, हरले मी, खुनी काही सापडला नाही. आता तूच सांग, सावकाश, अगदी पहिल्यापासून. आणि उद्या सकाळच्या गाडीनं मी येतेय, गादीवर थोडी सरकून झोप.

ती फोन उचलेपर्यंत मी वाजवत राहणार आहे.