साडभाऊंची हिरवी डबी

या जगात जे जे मातीतून उगवतं ते ते माणसाच्या भल्यासाठीच उगवतं, यावर शंभर टक्के भरवसा असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो म्हणजे आमचे साडभाऊ. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे दोन साडू एकमेकांना साडभाऊच म्हणतात, त्यामुळे ते मला साडभाऊ म्हणतात, मी त्यांना साडभाऊ म्हणतो, आणि माझ्या मुलांना बरीच वर्षं ते त्यांचं पाळण्यातलं नावच वाटत होतं. राहणार राळेगावजवळच्या एका खेड्यात. धंदा आचाऱ्याचा. पण ओळख विचाराल तर त्यांच्या खिशात कोणता ना कोणता पाला असतो, ही. दात दुखला की पेरूचं पान, घसा बसला की अडुळसा, केस गळायला लागले की जास्वंद. स्वतःच्या डोक्याला वीस वर्षं जास्वंदीचं तेल चोळून त्यांचं डोकं तळहातासारखं गुळगुळीत झालं आहे, पण त्यात दोष जास्वंदीचा नाही. "टाळूच बेइमान निघाली," ते सांगतात. इंग्रजी गोळीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होई. खरं तर कारलं त्यांना आवडतं, म्हणजे त्याहून वाईट होई. "ते फॅक्टरीतलं जहर हाये, साडभाऊ. झाडाची काय आपल्याशी दुश्मनी हाये?"

एकदा माझा गुडघा धरला होता. ते यवतमाळला आमच्या घरी आले, पिशवीतून बिब्बा काढला, तापवला, आणि मी नको नको म्हणत असताना गुडघ्याला लावला. सकाळपर्यंत गुडघ्यावर लिंबाएवढा फोड. मी पोस्टातून आठ दिवसांची रजा टाकली. साडभाऊ भेटायला आले, फोड सगळ्या बाजूंनी निरखून पाहिला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "आता सांगा, गुडघा दुखून राह्यला का?" खरंच, फोडाच्या आगीपुढे गुडघ्याचं दुखणं मला सापडतच नव्हतं.

आचारी म्हणून मात्र त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता, आणि खरं म्हणजे हात नव्हे, नाक. साडभाऊ भाजी चाखून बघत नाहीत. कढईवर वाकतात, डोळे मिटतात, हुंगतात आणि सांगतात, "मीठ चिमूटभर कमी हाये." दारव्ह्याला एका लग्नात मांडवाच्या दारातूनच त्यांनी ओळखलं की तेलाच्या पिंपात आदल्या कार्यक्रमातलं उरलेलं तेल ओतलं आहे. नवरीचा मामा शपथा घ्यायला लागला, तेव्हा साडभाऊ चुलीजवळ पाट टाकून बसले आणि नवं तेल येईपर्यंत उठले नाहीत. सातशे माणसांना आलू-वांगे, पोळ्या, बुंदी आणि मठ्ठा वाढून झाल्यावर स्वतः मात्र घरून आणलेली ज्वारीची भाकर आणि कांदा खातात. दुसऱ्याच्या लग्नातलं जेवण जड पडतं, म्हणे, आणि ते त्यांनीच केलेलं!

तीस वर्षं जमिनीवरच्या चुलीपुढे वाकून त्यांची कंबर गेली. वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलताना आत कटकन वाजलं, आणि मग निर्गुडीचा शेक झाला, रुईची पानं झाली, लसणाचं तेल झालं, पण लगनसराई तोंडावर आली तरी माणूस सरळ उभा राहीना. तेव्हा माझ्या हातून ती गोष्ट घडली. पोस्टातल्या एका सोबत्याने एक गोळी सांगितली. बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये मिळाली, काही न विचारता. हिरवी डबी, आत मुगाएवढ्या काळपट गोळ्या, वर परवान्याचा नंबर आणि ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’. आयुष्यात पहिल्यांदा मी साडभाऊंना काहीतरी झाडपाल्याचं नेऊन देत होतो. मला केवढा अभिमान वाटला होता!

"वनस्पतीचंच हाये ना?" त्यांनी विचारलं.

"डबीवर पान आहे," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "साडभाऊ, मायी कंबर अठरा वर्षाची झाली!" आणि गुण खरोखर आला होता, हे सांगायलाच हवं. त्या सराईत त्यांनी एकही लग्न सोडलं नाही. एका वरातीत तर ते झारा हातात घेऊन नाचले. डबी संपली की ते राळेगावहून दुसरी आणत. एकीच्या दोन गोळ्या झाल्या, दोनाच्या चार. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, टोकायची, तर उत्तर ठरलेलं: "झाडाचं हाये, त्याले मोजाचं काय?"

हळूहळू साडभाऊ बदलले. गावभर इसबगोल वाटणारा माणूस स्वतःच पोट साफ होत नाही म्हणून हैराण झाला. हातात पोळीचा घास धरून बसल्याबसल्या पेंगायला लागला. भर सावलीतही त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या दिसत. त्यांचं बोलणं कमी झालं, भांडणं बंद झाली, आणि साडभाऊंनी आठ दिवसांत कुणाशी भांडण केलं नाही हे ऐकून खरं तर आम्ही तेव्हाच घाबरायला हवं होतं. ताई फोनवर माझ्या बायकोला म्हणाली, "माणूस घरात हाये वं, पण घरात नाई."

मग कळंबचं लग्न झालं. मी पाहुणा म्हणून पंगतीत बसलो होतो. वांग्याच्या भाजीचा करपट वास मला आला, माझ्या शेजारच्याला आला, वाढप्याला आला. मी उठून मागे गेलो. साडभाऊ कढईपुढे झारा धरून वाकले होते, डोळे मिटलेले, आणि त्यांचं डावं मनगट कढईच्या तापलेल्या काठाला टेकलेलं होतं. मदतीला आलेल्या ताईने किंचाळून तो हात ओढला. कातडी कढईला चिकटून राहिली. साडभाऊंनी तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "भाजलं वाटते." भाजलेल्या माणसाने ओरडायचं असतं. ते ओरडले नाहीत, याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या जखमेचीही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी कपाटावर फेकली. "झाडाची गोष्ट हाये. सोडली का सुटली." संध्याकाळपासून जांभया सुरू झाल्या. ताईच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्याकडे पाहून दारातली शेळीसुद्धा जांभया द्यायला लागली. मग नाक गळायला लागलं, डोळे गळायला लागले, चैत्राच्या उन्हात अंगावर काटा उभा राहिला, पोट वाहायला लागलं, आणि पाय तर झोपेतही सायकल चालवत होते. झोप अर्थात नव्हतीच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल लावलं, डबी काढली आणि गोळ्या घेतल्या. तासाभरात सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत हा माणूस घाबरला. मला फोन आला. "साडभाऊ, चष्मा घेऊन या. डबी वाचाची हाये."

मी पहिल्या एसटीने गेलो. ओट्यावर बसून मी डबीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागलो. सुंठ. जायफळ. पिंपळी. अकलकाढा. प्रत्येक नावाला साडभाऊ मान डोलवत होते, नातेवाइकांची नावं ऐकल्यासारखी. मग मी वाचलं, "अहिफेन."

"हे कोणतं झाड?"

मलाही माहीत नव्हतं. मोबाईलवर पाहिलं. "साडभाऊ, अफू."

खाली अजून बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे.’ ते वर्षभर त्यांनी वाचलं नव्हतं, त्यांना देताना मीही वाचलं नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अफू बी झाडच हाये," ते म्हणाले. "झाडच की."

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात व्यसनाच्या रुग्णांना पाहणाऱ्या एक तरुण डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही साडभाऊंना नेलं. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती गोळ्या घेता?"

"आठ," साडभाऊ म्हणाले.

"बारा," ताई म्हणाली.

साडभाऊंनी चप्पल पाहिली, छत पाहिलं. "पंधरा."

मला वाटलं, बाई आता फटकारतील. त्यांनी फक्त लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, ही गोळी बेकायदा नाही. पण कायद्याने चालते म्हणून कितीही चालते, असं नसतं. वैद्याने मोजून, थोड्या दिवसांपुरती द्यायची वस्तू आहे ती. आणि घरी सोडताना जे हाल झाले ना, ते तुमचं मन कच्चं आहे म्हणून नाही. शरीराला सवय लागली होती, त्याने ओरडा केला. आपण सावकाश सोडवू. मात्र मध्ये खंड पडल्यावर पुन्हा एकदम पंधरा घ्यायच्या नाहीत. शरीर तोवर विसरलेलं असतं. श्वास बंद पडू शकतो."

त्यांनी जिभेखाली ठेवायची एक गोळी काढली. साडभाऊंनी ती लांबूनच हुंगली.

"इंग्रजी हाये का?"

"हो."

साडभाऊंनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घोड्यावर चढवलेल्या नवरदेवासारखा चेहरा करून तोंड उघडलं.

पुढे कितीतरी आठवडे ते एसटीने दवाखान्यात येत होते, आणि मी सोबत असे. तिथेच बाकावर त्यांना एक म्हातारे बुवा भेटत. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर झालेला, गालावर दुपट्टा बांधलेला, सोबत लेक. आधी ते बुवा वेदनेने भिंतीला डोकं टेकून नुसते कण्हत असत. काही दिवसांनी साडभाऊंना ते सरळ बसून लेकीशी खुणांनी गप्पा मारताना दिसले. चौकशी केली, तर कळलं की त्यांना मॉर्फिन सुरू केलं आहे, आणि मॉर्फिन अफूपासूनच निघतं. साडभाऊ तडक डॉक्टरबाईंकडे गेले. मीही मागोमाग.

"मॅडम, माह्यातून जे काढून राह्यल्या, तेच त्या बुवाले देऊन राह्यल्या? हा कोणता न्याय?"

बाई हसल्या. "त्यांच्या दुखण्याला त्याच्याशिवाय दुसरं काही पुरत नाही, काका. मी मोजून देते, दर आठवड्याला तपासते. त्यांच्यासाठी ते औषधच आहे. तुमच्या कमरेला व्यायाम हवा होता, विश्रांती हवी होती. ते कुणी विचारलंच नाही. तुम्ही स्वयंपाक कसा करता, वाकून?"

साडभाऊंनी हाताने जमिनीवरच्या चुलीची उंची दाखवली. पुढच्या खेपेला त्यांनी डब्यातून बुवांसाठी ज्वारीची पातळ अंबील आणली. बुवांनी वाटीतून सावकाश, घोट घोट करत ती घेतली. लेक म्हणाली, महिन्याभरात बाबाने एवढं पहिल्यांदाच गिळलं. मग बुवांनी दोन बोटं चिमटीसारखी जोडून दाखवली. मीठ कमी. साडभाऊंच्या स्वयंपाकात मिठाची खोड काढणारा पहिला माणूस! साडभाऊंनी मात्र वाटी उचलली, आणि माझ्या डोळ्यांदेखत, चाखून पाहिली. "बरोबर हाये तुमचं," म्हणाले. त्यानंतर दर खेपेला अंबील आली. बुवा तीन महिने जगले, जेवत, बोटांनी बोलत जगले. साडभाऊ त्यांच्या मातीला गेले आणि त्या दिवशी घरी त्यांनी चूल पेटवली नाही.

आता दीडेक वर्ष झालं. साडभाऊ आता प्रत्येक लग्नात विटांची कंबरभर उंच चूल बांधून घेतात. लग्नवाले ओरडतात, तरी विटा आधी, मग तांदूळ, असा त्यांचा दंडक आहे. चूल पेटवण्यापूर्वी ते मांडवातच सतरंजीवर उताणे पडून एकेक पाय वर करतात, आणि वऱ्हाडी मंडळी आचारी गेला की काय म्हणून धावत येतात. मध्ये एकदा, एका मोठ्या लग्नाच्या धावपळीत, त्यांनी कुणाकडून तरी दोन गोळ्या मागून घेतल्या. त्याच संध्याकाळी ताईला सांगितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "सांगितलंत, म्हणजे अर्धं काम झालं." खिशात पाला अजून असतो. पण कुणी डबी दाखवली की आधी म्हणतात, "थांब, नावं वाच. सगळी वाच."

मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा फाट्यापर्यंत सोडायला आले. शेतात तूर फुलावर होती. चालताचालता मी विचारलं, "आठवण येते का हो अजून?"

"येते ना," ते म्हणाले. "कवा कवा अशी येते का सारं सोडून तिच्यामागं जावंसं वाटते. लय बरं वाटत होतं हो, साडभाऊ. खोटं कायले बोलू? दुखणंच नव्हतं कोणतं. तुमच्या ताईची बोलणी बी लागत नव्हती." मग मनगटावरच्या चट्ट्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पण मग वांग्याचा वास बी येत नव्हता."

बस आली. मी चढलो, खिडकीजवळ बसलो. साडभाऊ हात हलवून वळले. दहा-वीस पावलं गेले, आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर कंबर धरून बसले. मी उठायला लागलो, तर त्यांनी लांबूनच हाताने खूण केली की काही नाही, जरा दुखतं आहे, थांबतो आणि जातो.